धरणीपर्यंतची तार

खंडेनवमीच्या सकाळी मगदुमांच्या तेलगिरणीत धूप असा तरंगत होता, की नव्या थ्री-फेज मोटरीचीही जणू समाधी लागली होती. वायरमन तातोबांना मात्र घोर होता तो ओल्या फरशीवर अनवाणी राबणाऱ्या गंगव्वाचा. मालकांनी अर्थिंगचा खर्च छाटला होता. मोटरीच्या अंगात वीज उतरली, तर झटका तिलाच बसणार होता.

“देव राखणारा आहे, तातोबा. तार जमिनीत कशाला पुरायची?” मालक म्हणाले.

“खरं आहे, मालक. मग मोटर चालू करतो. ओल्या हातानं हळदकुंकू तुम्हीच वाहा.”

पंचपात्रीत बुडवलेला मालकांचा हात तिथेच थांबला.

“राखण्यासाठीच देवानं पायाखाली धरणी दिलीय,” तातोबा शांतपणे म्हणाले. “तार तेवढी आपण तिच्यापर्यंत न्यायची.”

त्या दिवशी आरती थांबली, ती तार धरणीत उतरेपर्यंत.