कुंभाराचा घागरा आणि गावाचा पाय

फार पूर्वी, माठातल्या पाण्याहून गार पाणी कुणाला ठाऊक नव्हतं तेव्हा, एका गावात एक कुंभार राहत होता. त्या गावातल्या बायका घेरदार घागरे घालत आणि पुरुष तंग विजारी. धोतर का नाही, असं विचाराल तर त्याचीही एक गंमत आहे. कधी काळी राजाचा एक सरदार तंग विजार घालून घोड्यावरून गावातून गेला होता. तो पाणी प्यायलाही थांबला नाही, पण गावातल्या पुरुषांनी दुसऱ्याच दिवशी धोतरं पेटीत टाकली ती कायमची. उन्हाळ्यात त्या विजारी घामाने पायांना चिकटत. खाली बसलं की शिवण उसवे, उठायला गेलं की गुडघा अडके. तरी पुरुषाने विजारच घालायची, हे एकदा ठरलं ते ठरलं.

एकदा भट्टी उघडताना कुंभाराच्या पायावर निखारे सांडले. मांडीपासून घोट्यापर्यंत पाय भाजला. वैद्यबुवांनी तेल लावलं आणि पायाला कापड घासू द्यायचं नाही, असं बजावलं. मग विजार कशी घालायची? कुंभारणीने आपला एक जुना निळा घागरा काढून दिला. कुंभाराने जरा कां कूं केलं, पण घातला, आणि तसाच चाकासमोर जाऊन बसला.

गावाने ते पाहिलं. पोरं हसली तेव्हा मोठ्यांनी त्यांना दटावलं, बिचारा आजारी आहे म्हणाले. कुणी ताक पाठवलं, कुणी जाता-येता थांबून पायाची चौकशी केली. दया करायला त्या गावाला मनापासून आवडायचं, आणि त्यात वाईट काहीच नाही.

थंडी सरता सरता पाय बरा झाला. कुंभाराने पुन्हा विजार चढवली. चाकावर बसला, माती तुडवून आला, आणि घरात जाऊन विजार काढून परत घागरा घालून बाहेर आला. घागऱ्यात वारा खेळायचा, ऐसपैस मांडी घालता यायची. आणि खरं सांगायचं तर चालताना तो घेर पायाभोवती झुलायचा, ते त्याला आवडायला लागलं होतं. कुंभारणीने विचारलं, पाय पुन्हा दुखतोय की काय. तो म्हणाला, दुखत नाही, यात बरं वाटतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग स्वतःचा शिवून घ्या. माझा कशाला झिजवता?"

कुंभाराने मातकट रंगाचा एक घागरा शिवून घेतला आणि तो घालून, खणखणीत पायांनी चालत बाजाराला गेला. या वेळी पोरं हसली तेव्हा मोठ्यांनी दटावलं नाही. मोठेच जास्त हसले. पाय दुखत होता तोवर जो घागरा चालला, तोच पाय बरा झाल्यावर गावाच्या डोळ्यात खुपू लागला. पाटलापर्यंत गोष्ट गेली आणि कुंभाराला पंचांसमोर बोलावणं आलं.

आदल्या संध्याकाळी वैद्यबुवा घरी आले. माणूस मनाचा चांगला. म्हणाले, नस आखडली आहे असं मी सांगतो, तू फक्त थोडं लंगड. कुंभारणीनेही तेच धरलं. माठांचे दिवस तोंडावर आले होते. थंडीभर घडवलेले माठ अंगणात रचून ठेवले होते, ते या उन्हाळ्यात विकले गेले तरच पावसाळ्यात चूल पेटणार होती. पंचांनी बाजार बंद केला तर खायचं काय? कुंभाराने दोघांचं ऐकून घेतलं आणि झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी वडाच्या पारावर पंच बसले. पाटलाने विचारलं, "काय रे, पाय अजून दुखतो का?"

कुंभाराने एकदा बायकोकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही पाटील. पाय बरा झाला. मला हा आवडतो म्हणून घालतो."

पाटील गोंधळला. आजार त्याला कळत होता. एखाद्याचं डोकं फिरतं, तेही कळत होतं. त्याने विचारलं, नवसबिवस बोलला आहेस का? कुंभार नाही म्हणाला. मग कारण तरी काय, असं पाटलाने पुन्हा पुन्हा विचारलं आणि कुंभाराने पुन्हा पुन्हा तेच उत्तर दिलं. शेवटी पंचांनी निवाडा केला. ज्याचा पाय दुखतो त्याने खुशाल घागरा घालावा. धडधाकट पायाच्या माणसाने घागरा घालून गावच्या वेशीच्या आत पाऊल टाकू नये.

वेशीबाहेरच्या आपल्या घरी जाताना कुंभारणीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "एक शब्द तर बोलायचा होता हो."

"एक शब्द कुठला गं," कुंभार म्हणाला. "आज दुखतो म्हटलं, की उद्यापासून रोज लंगडायचं. मरेपर्यंत. तुझ्यासमोरसुद्धा."

कुंभारणीने पदराने डोळे पुसले. पुढच्या बाजाराच्या दिवशी तिने माठ वेशीबाहेर कडुलिंबाखाली मांडले. तुला कुणी अडवलेलं नाही, तू आत जाऊन वीक, असं तो सांगत होता. तिने नाही म्हणून मान हलवली आणि त्याच्या शेजारी फतकल मारून बसली. गावातलं कुणी तिकडे फिरकेना. वाटसरू एखादा माठ घेत, तेवढाच. बाकीचे माठ सकाळी येत आणि संध्याकाळी परत घरी जात.

चैत्र गेला, वैशाख तापला. आणि एके दिवशी सोनाराचा पाय दुखायला लागला.

काल तर बरा होता, असं शेजारी म्हणाले. पण सोनार कण्हत कण्हत वैद्यबुवांकडे गेला आणि घागरा घालून लंगडत बाहेर आला. दोन दिवसांनी किराणावाल्याचा पाय मुरगळला. मग तेल्याचा, मग सुताराचा, मग दोघा पंचांचा. वैद्यबुवांकडचं तेल संपलं. अर्धं गाव घागरा घालून लंगडत होतं आणि प्रत्येकाच्या तोंडावर वारा लागल्याचं सुख दिसत होतं. कुणी कुणी तर सकाळी डाव्या पायाने लंगडायचे आणि संध्याकाळी उजव्या. शेवटी पाटलाचाही पाय दुखला. पाटलाचं दुखणं इतरांसारखं कसं असेल? त्याचा घागरा जांभळा रेशमी, जरीच्या काठाचा, आणि हातात चांदीच्या मुठीची काठी.

ही मंडळी वेशीतून जाताना कुंभाराकडे बघत नसत. चोराच्या मनात चांदणं. कडुलिंबाजवळ आलं की ती जरा जास्तच लंगडत.

त्या गावात दोरखंड वळणारा एक म्हातारा होता. त्याचा एक पाय जन्मापासून अधू. पूर्वी लोक त्याला पाराची पायरी चढताना हात देत, गाडीत जागा देत. आता कुणी देईना. सगळेच लंगडतात, मग याचंच काय एवढं? कुणी तर त्याला डोळा मारून विचारलं की आजोबा, तुम्ही घागरा कधी शिवताय. म्हातारा विजारच घालत होता, आणि आपला आपण हळूहळू चालत होता.

मग एका भर बाजाराच्या दिवशी जिलबीवाल्याने चुलीत ओली लाकडं घातली. धूर सरळ वर गेला तो वडाच्या फांदीवरच्या आग्या मोहोळात. पाहता पाहता आभाळ काळं झालं आणि माश्या बाजारावर तुटून पडल्या.

काय सांगू तुम्हाला, तो बाजार कसा पळाला! सोनार पळाला, तेली पळाला, दोघे पंच एकमेकांना ढकलून पळाले. घागरे दोन्ही हातांनी गुडघ्यांवर धरले होते आणि पाय असे पडत होते की हरणांनी शिकून घ्यावं. सगळ्यांत पुढे जांभळं रेशीम होतं. चांदीच्या मुठीची काठी पारापाशीच पडली. कडुलिंबाखालून ही सगळी रांग धुरळा उडवत गेली आणि नदीत जाऊन पडली.

मागे, ओस पडलेल्या बाजारातून एकच आवाज येत होता. दोरखंडवाला म्हातारा हाका मारत होता, चालवत नाही रे, कुणीतरी या. त्याच्या जवळून शंभर पाय धावत गेले होते. एकही थांबला नव्हता.

कुंभार उठला. पिण्याच्या पाण्याचा माठ गार ठेवण्यासाठी त्याच्यापाशी पाण्यात भिजवलेली पोती असायची. एक पोतं त्याने डोक्यावरून घेतलं, दुसरं कुंभारणीने त्याच्या हातात कोंबलं. जाऊ नका, असं ती म्हणाली नाही. घागऱ्यासकट कुंभार वेशीच्या आत शिरला आणि पाराकडे धावला. म्हाताऱ्याला ओल्या पोत्यात गुंडाळून त्याने पाठीवर घेतलं. परत आला तेव्हा त्याची मान आणि हात सुजले होते. कुंभारणीने दोघांचे काटे काढले आणि सुजेवर गार ओली माती थापली. म्हातारा रडत होता. वेदनेने नाही, असं त्यानेच नंतर सांगितलं.

उन्हं उतरली तशा माश्या शांत झाल्या. नदीतून एकेक जण निथळत वर आला. कुणाचा ओठ सुजलेला, कुणाचा कान. वेशीपाशी येताना तेल्याला आठवण झाली आणि तो जरासा लंगडला. बाकीच्यांनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो सरळ चालू लागला. कडुलिंबाखाली कुंभार उठून उभा राहिला. त्याने पंचांचा हुकूम मोडला होता, आणि पाटील येतच होता.

पाटलाच्या हातात काठी नव्हती. सगळ्या गावासमोर तो सरळ, दमदार पावलं टाकत आला आणि आधी म्हाताऱ्यासमोर थांबला.

"बाबा, तुमची हाक मला ऐकू आली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, आम्ही लंगडतो तसाच हाही लंगडत असेल."

मग तो कुंभाराकडे वळला. म्हणाला, "माझा पाय कधीच दुखला नव्हता. मला घागरा आवडला, एवढंच. तू खरं बोललास तर तुला मी बाहेर बसवलं, आणि खोटं बोलून स्वतः आत बसलो. आता माझी जागा कुठली, ते तू सांग."

सगळे कुंभाराच्या तोंडाकडे पाहू लागले. त्याच्या मनात राग नव्हता असं नाही. उन्हाळा जवळजवळ सरला होता आणि माठ तसेच पडून होते. पण समोरच्या माणसाचा एक डोळा सुजून बंद झाला होता, आणि उरलेल्या डोळ्यात पाणी होतं.

"इथंच बसा, पाटील," कुंभार म्हणाला. "उभं राहून सूज वाढेल."

कुंभारणीने माठातलं पाणी सगळ्यांना दिलं. त्या दिवशी गाव वेशीबाहेर बसून पाणी प्यायलं, आणि प्रत्येक जण घरी जाताना एकेक माठ घेऊन गेला.

पुढच्या बाजारात कुंभार आपल्या जुन्या जागी बसला होता. कुणी घागरा घातला होता, कुणाला विजारच बरी वाटत होती, एक-दोघांनी पेटीतली धोतरंही बाहेर काढली होती. दोरखंडवाला म्हातारा पायरीपाशी आला तेव्हा त्याला हात द्यायला एकदम चौघे उठले. परगावचा एक बांगडीवाला हे सगळं टकमका पाहत होता. त्याने पाटलाला हळूच विचारलं की गावात कसली साथ आली आहे का.

"आली होती," पाटील आपल्या घागऱ्याचा घेर सावरत म्हणाला. "लंगडण्याची. गेली."

तात्पर्य: ज्यात कुणाचं वाईट नाही, त्या आवडीला कारण लागत नाही, खोटं कारण दिलं की मात्र रोज लंगडावं लागतं, आणि मग खरा अधू माणूस कुणालाच दिसत नाही.