पापणीतला काटा

ठकूबाई धनगरीण मेंढरांच्या खुरांतले काटे सुईनं असे काढायची की मेंढरू हलतसुद्धा नसे. तिला मठात ध्यानाला बसायचं होतं. महाराज सगळ्यांदेखत हसले, "हात कामात असले की मन भटकतं, बाई. ध्यान तुझ्यासारखीचं नव्हे."

आठवड्यातच बाभळीचा काटा महाराजांच्या पापणीत मोडला आणि ठकूबाईलाच बोलवावं लागलं. डोळ्याशी सुई येताच महाराज कापऱ्या आवाजात म्हणाले, "मन भटकू देऊ नकोस हं!"

तिनं हात थांबवला. "हात तर कामातच हायेत, महाराज. मन भटकतंय म्हणा, मी निघते. ध्यान लागलंय म्हणा, काटा काढते."

"लागलंय, लागलंय!"

काटा त्यांच्या तळहातावर ठेवून ठकूबाई उठली. "मग मठात कशाला येऊ? शिकायचं असलं तर तुम्हीच या माळावर."