नथूने चुडा भरला

डोंगरापलीकडच्या एका गावात एक भोळा कासार होता, नथू नावाचा. वर्षानुवर्षं वाकून बायकांना बांगड्या भरल्या, आणि कंबरदुखी त्याच्याकडे कायमची मुक्कामाला आली. तशात भाचीचं, मैनाचं लग्न ठरलं. तिचा हिरवा चुडा मामाने, म्हणजे आपणच भरायचा, यात नथूचा सगळा जीव अडकलेला. पण बहीण गिरजाक्का म्हणाली, "तुला धड बसता येत नाही. मी दुसरा कासार बघते."

नथूला फार लागलं. तडक तालुक्याला, व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी व्यायाम शिकवले आणि बजावलं, "कळ आली की थांबायचं."

परतताना एक पाय एसटीच्या पायरीवर, एक जमिनीवर, आणि कळ आली. नथू थांबला.

"ओ पाव्हणं, आत या न्हाईतर उतरा!" कंडक्टर ओरडला.

"थांबायला सांगितलंय."

शेवटी चौघांनी उचलून आत टाकलं. पुढच्या खेपेला त्याने स्वतःच बाईंना हा प्रकार सांगितला आणि म्हणाला, "कंबरेचं राहू द्या, डोक्याला काही व्यायाम असेल तर बघा."

बाई म्हणाल्या, "लोकांचा खोळंबा करू नका. बाजूला व्हायचं, भिंतीला पाठ टेकायची, दहा मोजायचे."

गावात शिरताच कळ आली. भिंत होती येसाबाईची, आणि तिच्यावर नुकत्याच थापलेल्या गवऱ्या. नथूने पाठ दाबून दहा मोजले आणि निघाला. गवऱ्याही निघाल्या. येसाबाई घरापर्यंत मागे आली, "माझ्या पाच गवऱ्या दे!"

पुढच्या खेपेला हे ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आधी विचारत जा! आणि दुखऱ्या बाजूवर भार टाकू नका. सगळा दुसऱ्या बाजूला घ्या."

व्यायाम मात्र नथूने एक दिवस चुकवला नाही. महिन्याभरात तो तासभर मांडी घालून बसू लागला. गिरजाक्का विरघळली. लग्नाच्या आदल्या दिवशी नथू भाचीसमोर बसला तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

आधी विचारायचं, हे ध्यानात होतं. "मैना, हात दुखतो का गं?"

"उजवा जरा दुखतोय मामा. कालपासून लाडू वळतेय."

नथूने मान डोलावली. मग मनापासून, एकही बांगडी न तडकवता, बेचाळीसच्या बेचाळीस बांगड्या डाव्या हातात भरल्या.

गिरजाक्का किंचाळली. उजवा हात भुंडा, डावा मनगटापासून कोपरापर्यंत हिरवागार आणि काठीसारखा ताठ. आणि नवरीचा चुडा एकदा भरला की उतरवायचा कसा? अपशकुन! सगळे नथूकडे बघू लागले. नथूही स्वतःकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सुरू झाली आणि मैनाचा हात भरून आला. तो टेकवायला काहीतरी हवं होतं. अखेर अक्षता पडेपर्यंत नवरीचा मामा बोहल्याशेजारी ओणवा उभा राहिला, आणि त्याच्या नुकत्याच बऱ्या झालेल्या कंबरेवर बेचाळीस बांगड्या वाजत राहिल्या.