दोर न धरणारा मेव्हणा

कधीची गोष्ट ते मला विचारू नका. फार फार जुनी आहे एवढं खरं. एका उंच कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांचं गाव होतं.

कड्याच्या पोटात आग्यामाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असत. मध हवा तर कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, धुरी देऊन माश्या उठवायच्या, पोळं कापायचं आणि दोराला हिसका द्यायचा. मग वरचा माणूस ओढून घेई. हा वरचा माणूस कोण, याबद्दल गावाचा नियम पक्का होता. दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. मित्राला डुलकी लागू शकते, सख्खा भाऊ वाटणीवरून रुसलेला असू शकतो. पण आपल्याच बहिणीचं कुंकू पुसलं जाईल असं कुठला भाऊ वागेल? म्हणून मेव्हणा.

आणि मेव्हण्यानं कधी दोर धरायला नकार दिला, तर त्याचा अर्थ एकच होई. या माणसानं माझ्या बहिणीशी दगा केला. मग तो माणूस गावातून उठला म्हणून समजा. असा प्रसंग कुणी पाहिला नव्हता, आणि पाहायची कुणाला हौसही नव्हती.

या गावात एक मधकरी होता. त्याच्याइतक्या सफाईनं कड्यावर उतरणारा दुसरा नव्हता. त्याचा मेव्हणा वयानं लहान. बहिणीवर त्याचा जेवढा जीव, तेवढाच दाजींवर.

उतरण्याआधी गाव प्रत्येक मधकऱ्याला मोहाची थोडी दारू पाजत असे. तिला म्हणायचे धीराचा घोट. बाकीचे मधकरी तो घोट घेत आणि तोंड वाकडं करत. आपल्या मधकऱ्याला मात्र तो आवडायला लागला. आधी उतरायच्या दिवशी, मग आदल्या दिवशीही, आणि मग भर पावसाळ्यात, जेव्हा कडा निसरडा असतो आणि कुणी उतरतच नाही. घरात बसून त्याला धीर कशाला लागत होता, देव जाणे!

पण तो कधी रस्त्यात पडला नाही. कुणाला शिवी दिली नाही, बायकोवर हात उगारला नाही. दारुडा म्हणजे झिंगणारा आणि बरळणारा, एवढीच गावाची समजूत. त्यामुळे या शांत, हसऱ्या माणसाला दारूनं धरलंय, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

मग सकाळी उठल्यावर त्याचे हात थरथरायला लागले. तांब्या तोंडाला लावेपर्यंत निम्मं पाणी अंगावर सांडे. घोट घेतला की थरथर थांबे. गावानं हे पाहिलं आणि खुशाल ठरवून टाकलं की दारू याला औषधासारखी लागू पडते. मग काय विचारता! शेजारीण सकाळीच वाटी भरून आणून देई. मेव्हणा स्वतः दारूनं भरलेला छोटा, वाळवून पोकळ केलेला भोपळा बरोबर ठेवी, दाजींचे हात कड्यावर स्थिर राहावेत म्हणून. सगळे प्रेमानंच करत होते हो. त्यांच्यावर रागवावं म्हटलं तरी मला रागवता येत नाही.

बायकोला दिसत होतं. ताटातली भाकरी तशीच राहत होती. पाय सुजत होते, पोट फुगत होतं, डोळे पिवळे पडत होते. पण कुणी विचारलं की तिच्याकडे उत्तर तयार असे. "ऊन बाधलंय." "चालणं फार झालं." "धुरीनं डोळे असे झालेत." नवऱ्याची अब्रू झाकता झाकता ती बिचारी त्याचा आजारच झाकत होती.

एक दिवस मधकरी कड्याखाली उतरला आणि बराच वेळ झाला तरी दोराला हिसका बसेना. मेव्हण्यानं हाका मारल्या. उत्तर नाही. शेवटी त्यानं जीव खाऊन दोर ओढला. मधकरी वर आला तो माश्यांनी फोडून काढलेला, तोंड ओळखू येईना.

"धुरी द्यायची विसरलो बघ," तो हसत म्हणाला.

मेव्हणा हसला नाही. मधकरी एक वेळ स्वतःचं नाव विसरेल, धुरी विसरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी तो गावातल्या म्हाताऱ्या वैदूबाईकडे गेला.

"आजी, दाजींच्या हाताला कंप सुटतो. घोट दिला की थांबतो, पण परत येतो. काहीतरी कायमचं औषध द्या."

म्हातारी झाडपाला निवडत होती. तिचा हात थांबला. "सकाळी उठल्या उठल्या सुटतो?"

"हो."

"घाम येतो? जीव घाबरतो?"

"येतो की. पण घोट घेतला की बरं वाटतं त्यांना. म्हणून तर देतो."

"जेवण तुटलंय? डोळ्यांत पिवळेपणा? ऐकलेलं विसरतो?"

मेव्हणा तिच्याकडे बघतच राहिला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बाळा, दारू त्याचा कंप बरा करत नाही. दारूनंच तो आणलाय. अंगाला तिची इतकी सवय झालीय की ती मिळाली नाही की अंग थरथरतं. तुम्ही पाजता, ते शांत होतं, आणि दुसऱ्या दिवशी जास्त मागतं. इकडे उजव्या बरगडीखाली यकृत असतं, ते सुजत चाललंय. म्हणून डोळे पिवळे, म्हणून पोटात पाणी. दाजी वाईट नाहीत तुझे. आजारी आहेत."

मेव्हण्याला रडू फुटलं. "आणि मी रोज माझ्या हातानं दिली!"

"माहीत नव्हतं तुला. आता कळलंय."

"मी सांगून ऐकायचे नाहीत ते. हसण्यावारी नेतील."

"मग असं काहीतरी कर, जे हसण्यावारी नेता येणार नाही," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा पाला निवडायला लागली.

पुढच्या उतरणीच्या दिवशी सगळं गाव कड्यावर जमलं. मधकऱ्यानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक मेव्हण्यापुढे धरलं आणि घोटासाठी हात पुढे केला.

मेव्हण्यानं आपला भोपळा दगडावर आपटून फोडला. दोराच्या टोकाला त्यानं हातही लावला नाही.

"दाजी, आज मी दोर धरणार नाही."

मधकऱ्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "मी तुझ्या बहिणीशी काय दगा केला? सांग चारचौघांत! बोल ना!"

"काहीच नाही केलात. तुमच्यासारखा माणूस माझ्या ताईला शोधून मिळाला नसता. म्हणूनच धरणार नाही. तुम्ही आजारी आहात, दाजी. दारूनं आजारी आहात. आज दोर धरला तर मीच तुम्हाला मरायला खाली सोडल्यासारखं होईल."

"दारू? मी कधी पडलो? कधी तोल गेला माझा?" मधकरी ओरडला. मग गर्दीकडे वळला. "दुसरं कुणीतरी धरा रे!"

कुणीच पुढे आलं नाही. तेवढ्यात गर्दीतून त्याची बायको पुढे आली. ती म्हणाली, "ऊन नाही बाधलेलं. धुरीनं डोळे नाही पिवळे झाले. मी खोटं सांगत होते सगळ्यांना. माझा भाऊ खरं बोलतोय."

मधकऱ्यानं रागारागानं कमरेची गाठ सोडायला घेतली. त्या दिवशी शेजारणीची वाटीही आली नव्हती, सकाळपासून घोट मिळाला नव्हता. बोटं इतकी थरथरत होती की गाठ सुटेना. ज्यानं जन्मभर अशा गाठी डोळे मिटून बांधल्या आणि सोडल्या, तो स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिला. मग हळूहळू खाली बसला.

मेव्हणा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं गाठ सोडली. "चला दाजी, वैदूबाईंकडे जाऊ. मी आहे बरोबर."

वैदूबाईनं बजावलं, "आपल्या मनानं एकदम बंद करू नका. इतकी सवय लागलेलं अंग बंड करतं, त्यात जीवही जातो. इथं ठेवा, माझ्या नजरेखाली." ती सांगेल त्या मापानं दारू कमी होत गेली, पेज आणि काढे वाढत गेले. ते दिवस फार वाईट होते. मधकऱ्याला भर दुपारी खोपटात माश्यांचं मोहोळ उठलेलं दिसे. तो किंचाळून हात झाडू लागे. नसलेल्या त्या माश्या मेव्हणा खांद्यावरच्या उपरण्यानं हाकलत बसे, आणि बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन "गेल्या हो, गेल्या" म्हणत राही.

हळूहळू डोळ्यांतला पिवळेपणा उतरला. भूक लागली. हात स्थिर झाले. गेलेली सगळी ताकद मात्र परत आली नाही, आणि तो पुन्हा कधी कड्यावर उतरला नाही. कधी कधी मोहाच्या वासानं त्याचा जीव कासावीस होई. अशा वेळी तो उठून सरळ मेव्हण्याच्या घरी जाई आणि म्हणे, "बसू दे जरा तुझ्याजवळ." गावानंही धीराचा घोट बंद केला. आता उतरण्याआधी प्रत्येक मेव्हणा आपल्या मधकऱ्याचे दोन्ही हात हातात घेऊन, ते थरथरत नाहीत ना, हे बघतो.

एकदा असंच मेव्हण्याकडे जेवायला बसलेलं असताना मधकरी म्हणाला, "त्या दिवशी तू दोर धरला असतास ना, तर गावानं तुला चांगला मेव्हणा म्हटलं असतं."

"आणि तुम्ही?"

"मी कुठं असतो म्हणायला?"

मेव्हण्यानं दाजींच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली, आणि दाजींनी ती खाल्ली.

तात्पर्य: आपल्या माणसाचं व्यसन झाकणं म्हणजे माया नव्हे; तो आजार आहे हे ओळखून त्याला तसं सांगणं आणि तो बरा होईपर्यंत त्याच्याजवळ बसणं, ही खरी माया.