ठेचमाईचा वसा

ऐका ठेचमाई, तुमची कहाणी.

आटपाट म्हणतात तसंच एक नगर होतं. तिथं ठकूबाई राहत होती. ऐन तरुणपणी नवरा गेला. मग तिनं काबाडकष्ट केले, एकेक भांडं जोडून संसार उभा केला, लेकाला, म्हादूला वाढवलं, त्याला बायको आणली. सुनेचं नाव सारजा. ठकूबाई मनाची वाईट नव्हती हो, पण खोड एक होती. घरात काही धाडकन पडलं, की हिला आधी वस्तूची काळजी.

एके दिवशी काय झालं? सारजा पाणी घेऊन येत होती. अंगणात शेवाळ होतं. पाय घसरला, गुडघा फुटला. मातीची घागर तिनं पोटाशी कवटाळून धरली. ठकूबाई आतून ओरडली, "घागर फुटली का गं?"

"नाही आत्याबाई."

मग ठकूबाई पुन्हा दळायला बसली. सारजानं गुडघ्याला हळद लावली, वरून लुगडं सोडलं, कामाला लागली.

मग दुसऱ्यांदा काय झालं? चुलीवरून दूध उतरवताना फडकं निसटलं, मनगट पोळलं. तरी तिनं पातेलं सोडलं नाही. "दूध सांडलं का गं?"

"नाही आत्याबाई."

मग सारजानं हातावर पाणी ओतलं, हात पदराखाली झाकला.

मग तिसऱ्यांदा काय झालं? माळ्यावरून लोणच्याची बरणी काढताना शिडी सरकली. सारजा पडली, बरणीही पडली. "बरणी फुटली का गं?"

"फुटली, आत्याबाई."

मग ठकूबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला, तो दिवे लागेपर्यंत थांबला नाही. सारजानं खापऱ्या वेचल्या, तेल पुसलं. एक खापरी टाचेत रुतून राहिली होती, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मग टाच सुजली, मग ठणका लागला, मग ताप चढला. वैद्य आला. म्हणाला, "उशीर केलात. जीव वाचेल, पण ही टाच काही आता भुईला टेकायची नाही." ठकूबाईनं कपाळावर हात मारला, "अगं, मुकाट कशी राहिलीस?" सारजा भिंतीकडं तोंड करून निजली.

पुढं सारजा लंगडत लंगडत घरकाम करू लागली. मग एक दिवस ठकूबाईच न्हाणीत पडली. कंबर मोडली, उठवेना. घंगाळ गडगडत अंगणात गेलं. ओटीवरून म्हादू ओरडला, "आई, घंगाळाला पोचा आला का?"

ठकूबाईला रडू फुटलं. दुखण्याचं फुटलं, त्याहून लाजेचं फुटलं.

तोच मागल्या दारी एक म्हातारी आली. कपाळावर टेंगूळ, अंगभर चिंध्या बांधलेल्या. ठकूबाई म्हणाली, "बाई, एवढं कुठं लागलं?"

म्हातारी म्हणाली, "हे विचारायला तुला आज सुचलं. मी ठेचमाई. घरात ज्याचं लागलंखुपलं कुणी पुसत नाही, ते माझ्या अंगावर उमटतं. हा गुडघा तुझ्या सुनेचा. हे मनगट तुझ्या सुनेचं. ही टाच तुझ्या सुनेची."

"माई, मला वसा सांगा."

"आज घेशील, उद्या भांडं वाजलं की विसरशील."

"नाही विसरायची."

"तर ऐक. श्रावणातल्या मंगळवारी उंबऱ्याला हळद लावावी. घरात काही पडलं, की आधी माणसाला विचारावं, लागलं का? विचारून थांबू नये, उठून जावं. वस्तू मागून पाहावी. जन्मभर करावं, याला उद्यापन नाही."

ठकूबाईनं वसा घेतला. कंबर काही सुधारली नाही, सुनेची टाचही टेकली नाही. मग एक दिवस सारजा ताकाचं मडकं घेऊन उंबऱ्याला अडखळली, आपटली. ठकूबाई म्हणाली, "सारजे, लागलं का गं?"

"नाही आत्याबाई, मडकं धड आहे."

"मडक्याचं नाही विचारलं. लागलं का?"

"ताकही सांडलं नाही, आत्याबाई."

मग ठकूबाई बसल्या बसल्या सरकत निघाली, सुनेजवळ आली, तिचा पाय मांडीवर घेतला. तिसऱ्यांदा विचारलं, "बाळ, तुला लागलं का?"

मग सारजानं मडकं खाली ठेवलं. "लागलं, आत्याबाई," ती म्हणाली. "फार लागलं." आणि घागर आणली त्या दिवसापासूनचं सगळं एकदम रडली.

ठकूबाईला विचारायला उशीर झाला, तसा तुम्हां आम्हांला न होवो. सारजाला अखेर विचारणारं भेटलं, तसं तुम्हां आम्हां सर्वांना वेळेवर भेटो. साठा बोलांची कहाणी पाचा बोलांत सांगितली, ऐकणारीला फळो, सांगणारीला फळो, इथं संपूर्ण होवो.