एका बाजूची उलांडी

आश्लेषाला वाटलं होतं, काशीमाय मठीत डोळे मिटून बसलेली असेल. पांढरं नेसलेली, मऊ आवाजाची. समोर चार बायका हात जोडून.

काशीमाय खाडीच्या काठावर उकिडवी बसून, माणसं पलीकडे नेणाऱ्या आपल्या तारीच्या होडीला काजूच्या टरफलांचं काळं तेल चोपडत होती. कासोटा वर खोचलेला, तोंडात पान.

आणि छातीची उजवी बाजू सपाट. पदर तिथं पाटावर पडावा तसा पडला होता. तो सारखा करायची तिनं तसदी घेतली नव्हती.

आश्लेषाचा हात आपोआप स्वतःच्या ओढणीकडे गेला.

"खयसून इलंस गो?"

"आरोग्य केंद्रातून आले. त्याआधी स्कॉटलंडला होते. पाच वर्षं आरोग्यशास्त्र शिकले, आणि मग मी ठरवलं, की आपल्या माणसांसाठी..."

"पयलां पाणी पी. मगे स्कॉटलंड."

आश्लेषा पाणी प्यायली. मग एका दमात सगळं सांगितलं.

वडलांच्या गावच्या किनाऱ्यावर काम करायचं म्हणून ती तिथली नोकरी सोडून आली होती. गावोगावच्या बायकांना सांगायचं होतं, स्तनात गाठ लागली तर लपवू नका, लाजू नका. चौथ्या महिन्यात तिच्याच हाताला गाठ लागली. उजव्या बाजूला. ऑपरेशन झालं, मग किरणोपचार. डॉक्टरांनी स्तन वाचवला. वाचला तो अर्धा. आता दोन बाजू एकमेकींच्या वाटत नाहीत. कपड्यांच्या आत ती एक फोमचं पॅड घालते आणि दिवसातून वीस वेळा चाचपते.

उद्या सकाळी खाडीपलीकडच्या माडवाडीत चाळीस बायका जमणार होत्या. ऑपरेशननंतरचं तिचं पहिलं भाषण. आणि तिच्या पिशवीत आरोग्य केंद्राची नोकरी सोडल्याची चिठ्ठी लिहून तयार होती.

"लाजू नका म्हणून मी सांगणार, माय. आणि ओढणी सावरत उभी राहणार. त्या काय ऐकतील? मी काय लपवतेय, तेच बघत बसतील."

काशीमाय तेल चोपडत राहिली.

"तुमच्या ऑपरेशनला बावीस वर्षं झाली म्हणतात. मला समतोल हवा आहे, माय. तुम्ही तो कसा साधलात?"

काशीमायनं हात मातीला पुसले.

"चल, बस होडीत. पलीकडसून पीठ आणूचा असा."

"मी काहीतरी विचारलं."

"आयकलंय. पिशवी हयसरच ठेव."

होडी अरुंद होती, पन्हळीसारखी. तिच्या डाव्या अंगाला दोन आडव्या वाशांना बांधलेलं एक लांब लाकूड पाण्यावर तरंगत होतं. उलांडी. उजव्या अंगाला काहीच नव्हतं.

"दुसऱ्या बाजूला का नाही?" आश्लेषानं विचारलं.

"चढ."

आश्लेषा चढली. शिकलेलं डोकं, ते गप्प कसं बसेल? डावीकडे एवढं लाकूड, म्हणजे भार डावीकडे. तो सारखा करायला हवा. ती उजव्या काठाला चिकटून बसली.

"थंय नको. मधी बस."

"एक बाजू जड आहे ना, माय. मी इकडे बसले तर सारखं होईल."

"मधी बस गो."

"अहो, पण तोल..."

काशीमायनं एकदा तिच्याकडे बघितलं आणि वल्हं मारलं.

पाण्याच्या मधोमध एक लाट आली. लाट कसली, लाटेचं पिल्लू. आश्लेषानं तोल धरायला आणखी उजवीकडे अंग टाकलं. डावीकडची उलांडी थेंब गाळत पाण्याबाहेर उठली. काशीमायनं झेप घेऊन वाशावर अंग झोकलं. उलांडी धपकन खाली आली आणि होडी वाचली.

आश्लेषा मात्र खाडीत होती.

ओहोटीचं पाणी. पाय टेकले तेव्हा ते गळ्याशी होतं. ती खोकली, डोळे पुसले, आणि तेवढ्यात तिला ते दिसलं. फोमचं पॅड. गोल, गुलाबीसर. चाललं होतं आपलं समुद्राच्या दिशेनं, घाई नसल्यासारखं.

खाडीनं आत्ताच्या आत्ता आपल्याला गिळावं, असं तिला वाटलं.

काशीमायनं वल्ह्यानं ते ओढून घेतलं. हातात धरलं. उलटंसुलटं करून बघितलं. पिळलं. पुन्हा पिळलं. मग खाली वाकून होडीत शिरलेलं पाणी त्यानं टिपायला आणि बाहेर पिळायला लागली.

"बरा असा गो ह्या! माझी नारळाची करटी कालच फुटली. पाणी उपसूक कायच नव्हता."

आश्लेषा बघत राहिली. आधी तिला रडू आलं. मग, कसं कोण जाणे, हसू आलं. गळ्याइतक्या पाण्यात उभी राहून ती हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"हसतलंस नंतर. पयलां वर ये. खेकडे चावतले."

ती वर आली. या वेळी न सांगता मध्ये बसली. भिजलेले कपडे अंगाला चिकटले होते. झाकायला काही उरलं नव्हतं, आणि बघायला तिथं एक बगळा होता. त्याचं लक्ष माशांकडे.

होडी हलत होती, पण डगमगत नव्हती.

"माय... राग नाही आला कधी?"

"इलो तर! दोन म्हयने आरशार फडको घालून ठेवलेलो."

"मग?"

"मगे एक दिस केस विंचरूचे होते."

"बस, एवढंच?"

"डॉक्टरीणबायक रोज हात जोडतंय," काशीमाय म्हणाली. तिनं वल्हं मांडीवर ठेवून खरोखरच हात जोडले, समुद्राकडे तोंड करून. "तिना कापल्यान, म्हणान मी उरलंय. नायतर ह्या तारीर तुका कोण बुडवतला होता?"

आश्लेषालाही हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते तिला नीट कळेना. आपल्याला कापणाऱ्या हातांना, की उरलेल्या अर्ध्याला, की या म्हातारीला... तिनं जोडले. स्कॉटलंडहून आल्यापासून तिनं पुष्कळांना पुष्कळ काही सांगितलं होतं. आभार कुणाचे मानले नव्हते.

काशीमायनं पॅड घट्ट पिळून तिच्यापुढे धरलं.

"घे. होया तेव्हा घाल. नको तेव्हा पाणी उपस."

पीठ घेऊन दोघी परतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्लेषा तारीवर आली, तेव्हा काशीमाय होडी पाण्यात ढकलत होती. तिनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. सरळ, छातीच्या उजव्या बाजूकडेच.

"घालूक इसारलंस काय गो?"

"नाही. पिशवीत आहे. बायकांना दाखवणार आहे. त्यांनी विचारलं हे कशाला, तर सांगेन, पाणी उपसायला."

काशीमाय हसली. पानाचा तोबरा सांभाळत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"आणि ती चिठ्ठी?"

आश्लेषानं पिशवीतून चिठ्ठी काढली. कोऱ्या पाठीवर तिनं पहाटे उठून भाषण लिहून काढलं होतं. पहिली ओळ होती, 'आधी माझंच सांगते.'

काशीमायला वाचता येत नव्हतं. तिनं कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत दिला.

आश्लेषानं चप्पल काढली, सलवार वर खोचली आणि चढण्यासाठी उलांडीच्या वाशावर पाय ठेवला.

काशीमायनं वल्हं आडवं धरून तिला अडवलं. मग त्याच वल्ह्यानं होडीची उजवी बाजू दाखवली.

"थयसून नको गो. उलांडी नाय, ती बाजू बघ. माणसां त्याच बाजून चढतत."