आवडाई सुतारीण आणि लाकडाची राजकन्या

एका राज्यात एक चाल होती. मूल जन्माला आलं की त्याचा पाळणा जुन्या लाकडाचा करायचा. पडक्या घराची तुळई चाले, मोडक्या गाडीचं जू चाले. पण ते लाकूड एक आयुष्य जगलेलं हवं. राजा रत्नध्वजाला कन्या झाली, तिचं नाव कनकलता. राजाला वाटलं, आपल्या लेकीने मोडीतल्या लाकडात का निजावं? त्याने अरण्यातला हजार वर्षांचा शिसव तोडवला, पाळणा घडवला, बाहेरून सोन्याचा पत्रा मढवला. प्रजेने तोंडावर वाहवा केली. पाठीमागे काय बोलली, ते राजांना कधी कळत नसतं.

ते अरण्य जटाकेतू मांत्रिकाचं. तो सात वर्षं गप्प राहिला. आठव्या वर्षी भर दरबारात आला आणि म्हणाला, "राजा, तुझ्या लेकीसाठी माझं जितं झाड लाकूड झालं. आता तुझी जिती लेक लाकूड होईल. पौर्णिमेला पुरी होईल."

त्याच दिवशी राजकन्येच्या पायाची करंगळी शिसवी झाली. दुसऱ्या दिवशी पाऊल. राजवैद्यांनी तेल चोळलं, तर लाकूड तेवढं चकाकलं.

राजा मांत्रिकाच्या पायांवर पडला. मांत्रिक म्हणाला, "काम संपलेल्या लाकडाच्या तीन वस्तू घडव. पहिली आंधळ्या नावाड्याला, दुसरी खिंडीतल्या राक्षसिणीला, तिसरी तुझी तुला. लाकूड कुठलं, हे कुणी सांगायचं नाही. ज्याचं त्याने ओळखावं. एक चूक माफ करीन, दुसरी नाही."

नगराबाहेर आवडाई नावाची सुतारीण राही. पडक्या घरांची लाकडं गोळा करून ती लोकांना आठवणीच्या वस्तू करून देई. कुणाला आजोळच्या दाराचा कुंकवाचा करंडा, कुणाला बापाच्या नांगराची, नाव कोरलेली चौकट. राजा पायी तिच्या दारी गेला.

"आवडाई, माझी लेक वाचव."

"महाराज, माझ्या हातात रंधा आहे, मंत्र नाही. पण हात आखडता घेणार नाही."

तिच्या छपरावर एक सुतारपक्षी असे. त्याला माणसासारखं बोलता येई, आणि मुख्य म्हणजे न विचारता बोलता येई. कुठलं लाकूड कुठे पडलं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, "केरू नावाड्याची होडी वाळूत उलटी पडली आहे. चल."

आवडाईने होडीच्या काठाची एक फळी काढली आणि केरूसाठी काठीची मूठ घडवली. आता सुताराच्या हाताला खडबडीत काही सोसत नाही. तिने रंधा मारला, आणखी मारला, मूठ लोण्यासारखी केली. आंधळ्या केरूने ती दोन्ही हातांनी चाचपली.

"झ्याक केलीस गं बाई. पण ही हाय कशाची?"

एक चूक झाली. तिकडे राजकन्येचे गुडघे गेले. आवडाई वाळूत बसून रडली.

"रडून लाकूड मऊ होत नाही," सुतारपक्षी म्हणाला. "तू त्याचं सगळं आयुष्य तासून टाकलंस. मग त्याने ओळखावं काय?"

तिने दुसरी फळी घेतली. होडी बांधायचा दोर जिथे चाळीस वर्षं घासला होता, तिथे बोटभर खाच पडली होती. बाकीचं तिने तासलं, त्या खाचेला रंधा लावला नाही. केरूचं बोट खाचेत गेलं आणि तिथेच थांबलं.

"ही माजी होडी! हितं दोर घासायचा!" म्हणत म्हाताऱ्याने मूठ गालाला लावली.

खिंडीतल्या राक्षसिणीच्या आईचं उखळ दरीत फुटून पडलं होतं. आवडाईने त्याची मोठी फणी केली. धुवावी असं फार मनात आलं, पण या वेळी हात आवरला. राक्षसीण म्हणाली, "फणी आवडली नाही, तर तुला खाईन." आवडाई म्हणाली, "आधी केस विंचरा." राक्षसिणीने फणी नाकाजवळून नेली मात्र, अशी शिंकली की डोंगरावरचे दगड घरंगळले. लाकडात शंभर वर्षांचं तिखट मुरलं होतं.

"माझ्या आईच्या मिरच्या," ती म्हणाली, आणि एवढ्या थोरल्या राक्षसिणीने पोरीसारखा हुंदका दिला.

पौर्णिमा उजाडली. राजकन्या ओठांपर्यंत लाकूड झाली होती, ओठ मिटले होते, नुसते डोळे हलत होते. तिला दरबारात आणून बसवलं. राजाने डाव्या हाताने तिचा लाकडी हात घट्ट धरला. आवडाईने त्याच्या उजव्या हातात राजमुद्रा ठेवायची डबी दिली. मांत्रिक समोर उभा होता.

राजाने डबी उलटी केली, सुलटी केली. शिसव, एवढं कळलं. कुठला शिसव, ते कळेना. दासींनी ओळखलं, दाईने ओळखलं, राणीने तर तोंडात पदर कोंबला. कारण ती डबी त्या सोन्याच्या पाळण्याच्या लाकडाची होती, आणि तो पाळणा राजाने एकदाही हलवला नव्हता.

"मी ओळखत नाही," राजा म्हणाला. "मी बापच कसला."

डबी खाली ठेवताना त्याचा अंगठा झाकणाच्या कडेवरून फिरला. तिथे दोन बारीक खड्डे होते, मध्ये फट. आवडाईने तेवढं जसंच्या तसं ठेवलं होतं. राजा थबकला. एकदा, एकदाच, त्याने लेकीला दरबारात मांडीवर घेतलं होतं. तेव्हा ती याच अंगठ्याला कडकडून चावली होती, आणि प्रधानांदेखत ओरडता येईना म्हणून त्याने ओठ दाबून कळ सोसली होती. खालचे दोन दात, मध्ये फट. दात शिवशिवले की पोरं पाळण्याच्या कडेलाही चावतात.

"झाड मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "पाळणाही ठाऊक नाही. पण हे दात माझ्या कनूचे आहेत."

जटाकेतूने डबीवरचे दातांचे वण निरखले. मग म्हणाला, "माझं झाड परत येणार नाही. पण तुझी लेक तू ओळखलीस. शाप मागे घेतो."

त्याने पाणी शिंपडलं. ओठांवरचं लाकूड उतरलं, मग गळ्यावरचं, खांद्यांवरचं, हातांवरचं, आणि शेवटी पायाची करंगळी गुलाबी झाली. राणी धावली, प्रधान रडले, सुतारपक्षी न विचारता काहीतरी बोलला, पण गलक्यात ते कुणाला ऐकू आलं नाही. राजा मात्र जागचा हलला नाही. तो डोळे मिटून लेकीचा हात गच्च आवळून बसला होता.

"आबा," राजकन्या म्हणाली, "हात सोडा ना. दुखतोय."

राजाने पकड सैल केली. हात सोडला नाही.